घातांकी फलाचा आलेख: आधी अनंतस्पर्शी, मग बाकीचं

घातांकी फल म्हणजे ज्यात क्ष घातात बसलेला असतो ते. त्याच्या आलेखावर प्रश्न आला की अकरावीची मुलं नियम घडाघडा म्हणून दाखवतात. बाहेर अधिक असेल तर वर, वजा असेल तर खाली, घातात अधिक असेल तर डावीकडे, वजा असेल तर उजवीकडे, गुणलं तर ताण, उणे चिन्ह आलं तर परावर्तन. नियम सगळे बरोबर असतात आणि आलेख तरी चुकतो. कारण हे नियम कुठल्याही फलाला लागू पडतात. घातांकी फलाची स्वतःची जी खोड आहे, तिचा त्यांत पत्ताच नाही.

ती खोड अशी: या फलात आलेख आडवा सरकवणं आणि तो उभा ताणणं ही एकच गोष्ट आहे. आडवं ताणणं म्हणजे नुसता पाया, म्हणजे जिचा घात घेतो ती संख्या, बदलणं. हे एकदा पटलं की डोक्यात ठेवायच्या गोष्टी तीनच उरतात. अनंतस्पर्शी रेषा (आलेख जिच्या जवळ जवळ जातो पण जिला टेकत नाही ती) कुठे आहे, क्ष = ० ला आलेख तिच्यापासून किती अंतरावर आहे, आणि एक पाऊल उजवीकडे गेलं की ते अंतर किती पट होतं. या तिन्हींची उत्तरं आली की आलेख आला.

आलेख कागद आणि पेन्सिल घेऊनच बसा. नुसतं वाचून हा विषय समजल्यासारखा वाटतो आणि परीक्षेत दगा देतो. घातासाठी मी ^ हे चिन्ह वापरतो आहे: २^क्ष म्हणजे २ चा क्षवा घात.

मूळ फल हाताने काढा

मूळ फल म्हणून य = २^क्ष घेऊ. किमतींचा तक्ता स्वतः भरा.

क्ष = −३ तर य = १/८
क्ष = −२ तर य = १/४
क्ष = −१ तर य = १/२
क्ष = ० तर य = १
क्ष = १ तर य = २
क्ष = २ तर य = ४
क्ष = ३ तर य = ८

दोन्ही अक्षांवर १ सेंटीमीटर = १ एकक असं प्रमाण धरून बिंदू मांडा. क्ष = ४ च्या पुढे गेलं की कागद अपुरा पडायला लागतो. क्ष = ११ पर्यंत जायचं ठरवलं, तर उंची २०४८ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ साडेवीस मीटर होते, अंगणातल्या चांगल्या वाढलेल्या माडाएवढी. उलट क्ष = −१० ला उंची १/१०२४ सेंटीमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड असते. म्हणून डावीकडे आलेख क्ष-अक्षाला चिकटलेला दिसतो. प्रत्यक्षात तो कधीच टेकत नाही, कारण २ चा कुठलाही घात शून्य होत नाही. तो जिच्या जवळ जवळ जात राहतो ती रेषा म्हणजे अनंतस्पर्शी. मूळ फलाची अनंतस्पर्शी य = ०.

या आलेखात पॅराबोलासारखा शिरोबिंदू नाही आणि सममितीचा अक्षही नाही. बोट ठेवून 'इथून सुरुवात' म्हणावं असं या वक्रावर काहीच नाही, म्हणून आधार अनंतस्पर्शीचाच घ्यावा लागतो. मोजमाप नेहमी तिच्यापासून करायचं. मूळ फलात ती क्ष-अक्षावरच असल्यामुळे उंची आणि अनंतस्पर्शीपासूनचं अंतर एकच असतं. पुढे हे दोन्ही वेगळे होतात, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

पाया धनच हवा आणि १ नको. १ चा कुठलाही घात १, म्हणजे आडवी सरळ रेघ. ऋण पाया घेतला तर क्ष = १/२ ला ऋण संख्येचं वर्गमूळ काढायची वेळ येते आणि वास्तव संख्यांत ते सापडत नाही. पाया १ पेक्षा मोठा असेल तर आलेख चढतो. ० आणि १ च्या मधला असेल तर उतरतो.

सगळे बदल एका सूत्रात

य = अ × २^(ब(क्ष − ह)) + क

अ आणि क घाताच्या बाहेर आहेत. ते फलाची किंमत तयार झाल्यावर तिच्यावर काम करतात, म्हणून त्यांचा परिणाम उभा. ब आणि ह आत आहेत, किंमत तयार व्हायच्या आधीच क्ष बदलतात, म्हणून त्यांचा परिणाम आडवा.

आतल्या बदलांचा परिणाम उलटा का दिसतो, हे एकदा पाहून ठेवा. २^(क्ष − ३) मध्ये वजा असूनही आलेख उजवीकडे जातो. मूळ फलात १ ही किंमत क्ष = ० ला मिळाली होती. आता ती मिळवायला घात ० व्हायला हवा, म्हणजे क्ष = ३ घ्यायला हवा. जे ० वर घडत होतं ते ३ वर घडतं. आत काय लिहिलंय ते बघण्यापेक्षा 'घात शून्य केव्हा होतो?' असं विचारा. डावं-उजवं पाठ करावं लागत नाही.

पहिली पायरी: क वाचा, अनंतस्पर्शी आखा

सूत्र हातात आल्यावर सगळ्यात आधी शेवटी जोडलेली संख्या बघायची आणि य = क ही तुटक रेघ मारायची. बाकी काही नंतर.

पडवीत चहा ठेवला आहे. चहा ९० अंश सेल्सिअस, पडवीतली हवा ३० अंश. चहा किती वेगाने निवतो हे त्याच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. हा न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम. त्यावरचं लेखन त्याने १७०१ साली प्रसिद्ध केलं. समजा दर १५ मिनिटांनी हा फरक निम्मा होतो. मग व मिनिटांनंतरचं तापमान:

त = ३० + ६० × (१/२)^(व/१५)

१५ मिनिटांनी ६० अंश, अर्ध्या तासाने ४५, पाऊण तासाने ३७.५, तासाने ३३.७५. निम्मं होत गेलं ते चहाचं तापमान नव्हे, ३० च्या वरचं अंतर. हे अंतर ६०, ३०, १५, ७.५, ३.७५ असं गेलं. क म्हणजे ३०, पडवीचं तापमान, आणि चहा कितीही वेळ ठेवला तरी त्याच्या खाली जात नाही.

आता तोच चहा थंडीतल्या पहाटे घाटमाथ्यावरच्या आंबोलीला, हवा १५ अंश असताना, उघड्यावर ठेवला असं समजा. निम्मं व्हायला लागणारा वेळ तोच धरला तर:

त = १५ + ७५ × (१/२)^(व/१५)

इथं क बदलला आणि त्याच्यासोबत अ सुद्धा बदलला. चहा सुरुवातीला ९० अंशच आहे, पण अनंतस्पर्शी १५ वर उतरल्यामुळे अंतर ७५ झालं. अर्ध्या तासाने आंबोलीचा चहा १५ + ७५/४ = ३३.७५ अंशांवर येतो. पडवीतल्या चहाला तिथवर यायला तास लागला होता. 'क वाढवला की आलेख वर सरकतो' हा नियम खराच, पण सुरुवातीचा बिंदू खिळलेला असेल तर क बदलल्यावर अ सुद्धा पुन्हा जुळवावा लागतो. शाब्दिक उदाहरणांत हमखास निसटतं ते हेच.

दुसरी पायरी: अ, म्हणजे अनंतस्पर्शीपासूनचं अंतर

घात शून्य असताना २^० = १, म्हणून आलेख अनंतस्पर्शीपासून नेमका अ अंतरावर असतो. अ धन असेल तर वर, ऋण असेल तर खाली. ऋण अ म्हणजे आलेख अनंतस्पर्शीत उलटा पडला. क्ष-अक्षात नव्हे, अनंतस्पर्शीत. क = ० असेल तेव्हाच या दोन गोष्टी एक होतात.

सोलकढी फ्रिजमधून काढली, तापमान ६ अंश. पडवीत तेच ३० अंश. समजा दर २० मिनिटांनी फरक निम्मा होतो.

त = ३० − २४ × (१/२)^(व/२०)

सुरुवातीला ६, वीस मिनिटांनी १८, चाळीस मिनिटांनी २४, तासाने २७. चहाचा वक्र ३० कडे वरून उतरला, सोलकढीचा खालून चढला. अनंतस्पर्शी दोघांची एकच. चहाच्या आलेखात ती तळाशी होती, सोलकढीच्या आलेखात ती छत झाली.

किमतींचा विस्तार इथेच हातात येतो. अ धन असेल तर य ची प्रत्येक किंमत क पेक्षा मोठी, ऋण असेल तर लहान. प्रांत, म्हणजे क्ष ला देता येणाऱ्या किमती, मात्र सगळ्या वास्तव संख्या. यांपैकी कुठल्याही बदलाने त्याला धक्का लागत नाही.

इथे दोन खड्डे आहेत. ३ × २^क्ष + १ आणि ३ × (२^क्ष + १) ही फलं वेगळी आहेत. पहिल्याची अनंतस्पर्शी १, दुसऱ्याची ३, कारण दुसऱ्यात आधी सरकवून मग ताणलं आणि सरकवणंही ताणलं गेलं. क्रम लक्षात ठेवायचा तर आधी ताण, मग सरक. दुसरा खड्डा उणे चिन्हाचा. −२^क्ष म्हणजे आधी २ चा घात आणि मग उणे. (−२)^क्ष हे आपल्या अर्थाने घातांकी फलच नव्हे. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर −२^२ टाइप केलं तर −४ येतं, गणिताच्या रीतीप्रमाणे. एक्सेलमध्ये =−२^२ टाकून बघा, उत्तर ४ येतं! तिथे उणे चिन्ह आधी लागतं. प्रकल्पाचे आलेख एक्सेलमध्ये काढणाऱ्यांनी कंस घालायची सवय लावून घ्यावी.

तिसरी पायरी: ह, आणि इथे थांबायचं

२^(क्ष + ३) काढायचं आहे. नियमाप्रमाणे आलेख तीन एकक डावीकडे सरकवायचा. आता दहावीच्याही आधी शिकलेला घातांकाचा नियम आठवा:

२^(क्ष + ३) = २^क्ष × २^३ = ८ × २^क्ष

डावीकडे तीन एकक सरकवलेला आलेख आणि आठ पट उभा ताणलेला आलेख हे एकच आहेत. सारखे दिसतात असं नव्हे, बिंदूनबिंदू तेच. कागदावर तपासून घ्या. मूळ आलेखावरचा (०, १) सरकून (−३, १) ला गेला. ताणलेल्या आलेखावर क्ष = −३ ला ८ × १/८ = १. मूळचा (१, २) गेला (−२, २) ला; ताणलेल्यावर क्ष = −२ ला ८ × १/४ = २.

पॅराबोलात असं होत नाही. (क्ष − ३)^२ चा आलेख क्ष^२ ला कुठल्याही संख्येने गुणून मिळणार नाही, कारण सरकवल्यावर शिरोबिंदूच जागा सोडतो. घातांकी आलेखाला शिरोबिंदू नाही, म्हणून तो सरकला की ताणला हे ओळखायची खूणच उरत नाही. खरं कारण अर्थात घातांकाच्या नियमात आहे: घातांकांची बेरीज म्हणजे संख्यांचा गुणाकार. याच नात्याच्या जोरावर नेपियरने १६१४ साली लॉगॅरिदमची कोष्टकं छापली आणि गुणाकारांचं काम बेरजेवर आणलं.

याचा प्रत्यक्षातला अर्थ समजायला पुन्हा आंबोली. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१३ मिलिबार असतो आणि वर जाताना दर किलोमीटरला तो स्थूलमानाने ११ टक्क्यांनी घटतो. उंची उ किलोमीटर धरली तर:

द = १०१३ × (०.८९)^उ

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून उंची मोजली तर हे सूत्र. आंबोली सुमारे ७०० मीटरवर, म्हणजे उ = ०.७. तिथला दाब येतो ९३४ मिलिबारच्या आसपास. आता आंबोलीला राहणारा कुणी म्हणाला, मी उंची माझ्या घरापासून मोजणार, घर म्हणजे शून्य. त्याचं सूत्र:

द = ९३४ × (०.८९)^(उ − ०.७)

इथली उ − ०.७ ही त्याच्या घरापासूनची उंची. दोन्ही सूत्रं एकाच हवेबद्दल, एकच वक्र सांगतात. शून्य कुठे धरायचा ते बदललं, म्हणून पुढचा गुणक १०१३ चा ९३४ झाला, पाया ०.८९ तसाच राहिला. घातांकी फलात ह चं एवढंच काम: मोजायला सुरुवात कुठून केली ते सांगणं. सुरुवात बदलली की अ बदलतो आणि बाकी सगळं जागच्या जागी राहतं.

म्हणून परीक्षेत ह दिसला की तुमच्यापुढे दोन वाटा असतात. आलेख सरकवून काढा, किंवा ह ला अ मध्ये गिळून टाका आणि सोपं सूत्र वापरा. उत्तर 'स्थानांतरण' या शब्दात मागितलं असेल तर पहिली वाट. नुसता आलेख हवा असेल तर मला दुसरी बरी वाटते, तिच्यात चुका कमी होतात.

दोन गोष्टी मात्र अशा गिळता येत नाहीत. २ चा कुठलाही घात धनच असतो, त्यामुळे कितीही सरकवलं तरी अ चं उणे चिन्ह जात नाही. चहाचा वक्र आडवा सरकवून सोलकढीचा होणार नाही. आणि क तर वेगळाच राहतो, कारण तो बेरजेत आहे, गुणाकारात नाही.

मोबाईलवर जिओजेब्रा हे आलेख काढायचं अ‍ॅप असेल तर अ आणि ह यांना स्लायडर लावा. ह वाढवून आलेख उजवीकडे न्या, मग अ वाढवत तो पुन्हा जुन्या जागी आणा. तंतोतंत बसतो. हे अ‍ॅप नेटशिवाय चालतं, त्यामुळे रेंज नसलेल्या वाडीतही अडत नाही.

चौथी पायरी: ब, म्हणजे पाया

२^(३क्ष) = (२^३)^क्ष = ८^क्ष. आत क्ष ला ३ ने गुणलं की आलेख आडवा आकसून एक तृतीयांश होतो, आणि तोच ८ पायाचा आलेख असतो. ब = −१ घेतलं तर २^(−क्ष) = (१/२)^क्ष, म्हणजे य-अक्षातलं परावर्तन. १ पेक्षा लहान पायाची फलं हा निराळा वर्ग नाही, मूळ फलाचीच ती आरशातली बाजू. थोडक्यात, कुठलंही घातांकी फल २^क्ष पासून बनवता येतं, योग्य तो ब शोधला की झालं.

तारकर्लीला पाण्यात उतरणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. खोल जावं तसा उजेड प्रत्येक मीटरला ठरावीक पटीने कमी होतो. समजा हिवाळ्यातल्या नितळ पाण्यात एका मीटरला २० टक्के उजेड जातो. पृष्ठभागावर १०० धरला तर ख मीटर खोलीवर:

उजेड = १०० × (०.८)^ख

एक मीटरवर ८०, दोनवर ६४, तीनवर ५१, दहावर जेमतेम ११. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, पाणी लाल-तपकिरी होतं. समजा तेव्हा एका मीटरला निम्मा उजेड जातो: १०० × (०.५)^ख. तीन मीटरवरच १२.५ उरतो.

हे दोन आलेख एकमेकांपासून कसे मिळतात? ०.८ चा कितवा घात ०.५ होतो ते काढा. लॉग घेऊन उत्तर ३.१ येतं. म्हणजे (०.५)^ख = (०.८)^(३.१ख), जवळपास. गढूळ पाण्यातला एक मीटर नितळ पाण्यातल्या ३.१ मीटरएवढा अंधार करतो. ब हा आकडा असा मोजपट्टीचं प्रमाण बदलतो. पृष्ठभागावरचा बिंदू (०, १००) मात्र दोन्ही आलेखांत तोच राहिला, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्य.

जाता जाता: पाण्यात सगळे रंग सारख्या वेगाने नाहीसे होत नाहीत, लाल आधी जातो. म्हणजे प्रत्येक रंगाचा ब वेगळा. खोलवर काढलेले फोटो हिरवे-निळे येतात ते यामुळेच.

ब चा दुसरा उपयोग दुप्पट होण्याचा काळ सांगण्यासाठी. गावच्या पतपेढीत ७ टक्के वार्षिक चक्रवाढीने पैसे ठेवले, तर व वर्षांनी ते (१.०७)^व पट होतात. हेच २^(व/१०.२४) असं लिहिता येतं, म्हणजे रक्कम दुप्पट व्हायला १० वर्षं ३ महिने. आकडा तोच, पण दुसऱ्या रूपात तो बोलतो. चहाच्या सूत्रात मी व/१५ लिहिलं तेही यासाठीच. बारावीच्या पुस्तकांत २ ऐवजी २.७१८… हा पाया दिसेल, कारण त्या पायाच्या आलेखाचा चढ प्रत्येक बिंदूला त्याच्या उंचीएवढाच असतो आणि कलनात ते सोयीचं पडतं. आलेखाच्या दृष्टीने तोही वेगळ्या ब चा २^क्ष च आहे.

एक उदाहरण अथपासून इतिपर्यंत

य = −३ × २^(२क्ष − ४) + ५ चा आलेख काढा.

क = ५, म्हणून य = ५ वर तुटक रेघ. अ = −३, म्हणजे आलेख तिच्या खाली.

आत २क्ष − ४ आहे. 'चार उजवीकडे' असं लिहून मोकळे होणारे पुष्कळ. घात शून्य केव्हा होतो ते विचारा: क्ष = २ ला. आधी समाईक काढा, २(क्ष − २), मग ह = २ दिसतो. म्हणून क्ष = २ ला आलेख रेघेच्या ३ खाली, बिंदू (२, २).

पाया २ चा २ घात म्हणजे ४. एक पाऊल उजवीकडे गेलं की अंतर चौपट, डावीकडे गेलं की एक चतुर्थांश. क्ष = ३ ला अंतर १२, बिंदू (३, −७). क्ष = १ ला अंतर ३/४, बिंदू (१, ४.२५). क्ष = ० ला अंतर ३/१६, म्हणजे य = ४.८१ च्या आसपास.

तीन-चार बिंदू पुरे. डावीकडे रेघेला बिलगत जाणारा आणि उजवीकडे झपाट्याने कोसळणारा वक्र जोडा. क्ष-अक्ष तो कुठे छेदतो हे हवं असेल तर अंतर ५ व्हायला हवं: ३ × ४^(क्ष − २) = ५, यातून क्ष सुमारे २.३७. आकृतीत तो २ आणि ३ च्या मध्ये यायला हवा होता, तिथेच आला.

पडताळा म्हणून ह गिळून टाका: −३ × ४^(क्ष − २) = −(३/१६) × ४^क्ष. क्ष = ० ठेवलं की पुन्हा ५ − ३/१६.

उलटी वाट: आलेखावरून सूत्र

अनंतस्पर्शी दिली असेल तर काम सोपं. ती ४ वर आहे आणि आलेख (०, १०) आणि (२, ५.५) मधून जातो असं समजा. अंतरं काढा: ६ आणि १.५. दोन पावलांत चौथाई, म्हणजे एका पावलात निम्मं. य = ६ × (१/२)^क्ष + ४. उंचींचं गुणोत्तर काढलं असतं, १० आणि ५.५ चं, तर उत्तर चुकलं असतं. गुणोत्तर नेहमी अंतरांचं.

अनंतस्पर्शीच माहीत नसेल तर? ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते. सारख्या अंतराने घेतलेली तीन मापं पुरतात. ती त०, त१, त२ म्हणू. अनंतस्पर्शीपासूनची अंतरं सारख्या पटीने बदलतात, म्हणून:

(त१ − क)^२ = (त० − क)(त२ − क)

कंस सोडवले की दोन्हीकडचे क^२ उडतात आणि उरतं:

क = (त० × त२ − त१^२) / (त० + त२ − २ × त१)

पडवीतल्या चहाचे आकडे घाला: ९०, ६०, ४५. वर ४०५० − ३६०० = ४५०, खाली १३५ − १२० = १५. क = ३०. हवेचं तापमान न मोजता ते चहाकडून कळलं.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरने हे करून बघण्यासारखं आहे, पण चहा-पाणी झाकून ठेवा. उघड्या भांड्यातून वाफ निघून जाते, त्यामुळे सुरुवातीला ते नियमापेक्षा वेगाने निवतं आणि क चुकतो. पंखाही मध्येच चालू-बंद करू नका, त्याने ब बदलतो. आणि नोंदी लांब अंतराने घ्या. समजा नोंदी ८२, ५८, ४४ आल्या तर क येतो २४.४. शेवटची नोंद ४४ ऐवजी ४५ असती तर क झाला असता २९.६. एका अंशाच्या चुकीने उत्तर पाच अंशांनी हललं! छेदात छोटी संख्या आली की असंच होतं. नोंदींत पुरेसा वेळ सोडला की छेद मोठा होतो आणि उत्तर स्थिर राहतं.

हाताने करायला

१. य = ५ − २^(३ − क्ष) चा आलेख काढा.
२. अनंतस्पर्शी य = −२, आलेख (०, १) आणि (१, ४) मधून जातो. सूत्र लिहा.
३. २^(क्ष + ५) चा आलेख मूळ फलापासून दोन वेगळ्या रीतींनी मिळवा.
४. सोलकढीच्या नोंदी दर वीस मिनिटांनी ६, १८, २४. पडवी किती अंशांवर आहे?

उत्तरं. पहिल्यात अनंतस्पर्शी ५, आलेख तिच्या खाली; २^(३ − क्ष) = ८ × (१/२)^क्ष, म्हणून क्ष = ० ला −३ आणि क्ष = ३ ला ४, आलेख चढता, क्ष-अक्ष ०.६८ च्या जवळ छेदतो. दुसऱ्यात अंतरं ३ आणि ६, म्हणून य = ३ × २^क्ष − २. तिसऱ्यात पाच एकक डावीकडे, किंवा ३२ पट उभा ताण. चौथ्यात वर १४४ − ३२४ = −१८०, खाली ३० − ३६ = −६, पडवी ३० अंशांवर; दोन्ही उणे चिन्हं उडाली, कारण वक्र खालून चढणारा होता.